मरणाच्या गाण्याची भाकणूक

सोलापुरात संक्रांतीच्या रात्री एक वासरू वर्षाचं भविष्य सांगतं. सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे आमच्या गड्ड्यात, होम मैदानावर कुंभारकन्येच्या प्रतीकाला अग्नी दिला की मग भाकणूक होते. मानकऱ्यांच्या घरचं, दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढं ऊस, गाजर, बोरं, धान्य मांडतात आणि सगळं मैदान टाचा उंचावून बघत राहतं. वासरू मुतलं की पाऊसपाणी चांगलं. बिचकलं की वर्षात काहीतरी भयंकर. कशालाच तोंड लावलं नाही तर बाजारभाव स्थिर. जाणकार अर्थ सांगतात, दुसऱ्या दिवशी तो पेपरात छापून येतो आणि चहाच्या टपरीवर त्याच्यावर वाद होतात. आजवर एकाही वासराने खुलासा केलेला नाही की बाबांनो, मला नुसती लघवी लागली होती.

रॉक संगीतवाल्यांना ही सोय नाही. त्यांना मुलाखती द्याव्या लागतात, खुलासे करावे लागतात, आणि खुलासा केला की चाहते म्हणतात, हा मुद्दाम लपवतोय. त्यातून गाणं मरणाचं, स्वर्गाचं किंवा नरकाचं असेल तर मग विचारूच नका. प्रेमाच्या गाण्याचा अर्थ कोणी विचारत नाही, कारण तो अनुभव ज्याच्या त्याच्या पदरी बरावाईट असतोच. मरणाचा अनुभव असलेला माणूस मुलाखतीला मिळत नाही. मग उरतं ते वासरू.

हे सगळं सुचायला कारण झाला हुरडा. जानेवारीच्या शेवटी मोहोळकडच्या शेतात आम्ही घरचे सगळे गेलो होतो. सोबत पुतण्या आणि त्याचे कॉलेजातले मित्र. या पोरांचा बँड आहे. बँड म्हणजे वरातीतला नव्हे, हे त्यांना प्रत्येक नव्या नातेवाइकाला सांगावं लागतं. पोरांनी बाभळीच्या फांदीला स्पीकर अडकवला. खाली आगटी पेटलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली, आणि आगटीच्या कडेला पदर खोचून बसलेली माझी आत्या. तिचं वय ऐंशीच्या पुढं, पण हुरडा चोळण्यात अजून तिचा हात कोणी धरत नाही. गरम कणीस तळहातावर घ्यायचं, दोनदा रगडायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि हिरवे दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे. हे ती न बघता करते, त्यामुळे तिचे डोळे आणि कान दुसऱ्यांच्या भानगडींना मोकळे असतात.

"हा काय म्हणलालाय रे?" तिने स्पीकरकडे हनुवटी करून विचारलं.

"मरणाला घाबरू नको म्हणलालाय, आजी."

"घाबरलंय कोण?"

गाणं होतं ब्लू ऑयस्टर कल्ट या अमेरिकन बँडचं, १९७६ सालचं. लिहिणाऱ्याचं नाव डोनाल्ड रोझर, पण तो स्वतःला बक धर्मा म्हणवतो. आत्याला बक कळलं नाही, धर्मा मात्र लगेच कळला; आमच्या गल्लीतच दोन धर्मा होऊन गेले. या धर्माला ऐन तारुण्यात डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांत दोष असल्याचं सांगितलं, आणि आपण लवकर गेलो तर पुढे आपल्या माणसाची भेट होईल का, या विचारातून त्याने हे गाणं रचलं. ऐकणाऱ्यांनी अर्थ काढला की हा जोडीने जीव द्यायला सांगतोय. गाण्यात रोमिओ-ज्युलिएटचं नाव आल्यावर असा अर्थ निघणारच. बिचारा पुढची कित्येक वर्षं सांगत राहिला की तसं नाही हो, मरण यायचंच आहे तर भिऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

आता या गाण्यातलं मरण म्हणजे विळा घेतलेला काढणीवाला. युरोपात मृत्यूचं चित्र तसंच काढतात, काळी घोंगडी पांघरलेला आणि हातात लांब दांड्याचं पातं. पुतण्याने हे समजावून सांगितलं. आमच्याकडे यम रेड्यावरून येतो, हातात पाश. विळा हा आमच्याकडे रोजचा, कामाचा. मालदांडी ज्वारी जिथून नावारूपाला आली त्या मोहोळच्या शिवारात बसून आत्याने त्या काढणीवाल्याची चौकशी सुरू केली.

"रोजानं आलाय का उक्तं घेतलंय?"

पोरं हसली, पण प्रश्न खरा होता. धर्माने गाण्यात रोज किती माणसं जातात त्याचा आकडाच दिला आहे, चाळीस हजार. आकडा त्याने अंदाजाने ठोकून दिलेला. त्या काळात जगात रोज मरणाऱ्यांची संख्या त्याच्या तिपटीहून जास्त होती. म्हणजे उक्तं घेतलं असणार. रोजावरचा गडी एवढं काम करत नाही.

त्यानंतर नरकाच्या हमरस्त्याचं गाणं लागलं, एसी/डीसीचं, १९७९ चं. ते ऐकून कित्येक आईबापांनी पोरं सैतानाच्या नादी लागल्याची हाय खाल्ली होती. बँडवाल्यांचं म्हणणं, गावोगाव गाडीतून फिरून, झोप न मिळून, एकमेकांच्या मोज्यांचा वास सोसून जी अवस्था होते तिचं वर्णन केलंय. रात्रीच्या गाडीत शेवटच्या सीटवर बसून प्रवास केलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हा खुलासा पटायला हरकत नाही. मग ईगल्सचं ते कॅलिफोर्नियातलं हॉटेल. त्याला कोणी वेड्यांचं इस्पितळ म्हटलं, कोणी सैतानाचं देऊळ, कोणी स्वर्ग आणि नरक यांच्या मधला मुक्काम. डॉन हेन्लीने सांगून पाहिलं की ही भाबडेपण हरवत जाण्याची गोष्ट आहे, पैशाच्या आणि चैनीच्या नादी लागलेल्या अमेरिकेची. पण ज्या हॉटेलातून पाहुण्याला निघताच येत नाही ते हॉटेल लोकांना यमलोकातलंच वाटतं. आमच्या स्टेशनजवळच्या लॉजवर चोवीस तास झाले की पोऱ्या दार वाजवायला येतो, त्यामुळे असल्या गाण्याला सोलापुरात मूळ धरणं अवघड.

लेड झेपेलिनच्या स्वर्गाच्या जिन्यापाशी मात्र पोरं गंभीर झाली. हे त्यांचं आवडतं. १९७१ चं, आठ मिनिटांचं. त्यात एक बाई स्वर्गाला जायचा जिना विकत घ्यायला निघाली आहे. गायक रॉबर्ट प्लँटने सांगितलंय की ही बाई म्हणजे मागेल ते मिळवणारी आणि परत काही न देणारी. इतकं सरळ. पण १९८२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळातल्या एका समितीने ही ध्वनिमुद्रिका उलटी वाजवून ऐकली, कारण काही धर्मभोळ्यांना उलट्या वाजवलेल्या गाण्यात सैतानाची स्तुती ऐकू आली होती. सुलट ऐकून अर्थ लागेना म्हणून उलट ऐकायचं, ही युक्ती आपल्याकडे एकाही टीकाकाराला सुचली नाही. नाहीतर नवकवितेवरची निम्मी भांडणं मिटली असती.

स्वर्गाच्या जिन्याचं आमच्या जिल्ह्याला अप्रूप नाही. जिन्याची पहिली पायरी पंढरपुरात आहे. देवळाच्या महाद्वारात नामदेव पायरी. परंपरा सांगते की संतांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून नामदेव महाराजांनी १३५० मध्ये तिथं समाधी घेतली. तिकडे ती बाई जिना विकत घ्यायला निघाली आहे, आणि इकडे हा माणूस स्वतःच पायरी होऊन बसला. गंमत म्हणजे आता त्या पायरीवर पाय द्यायला कोणी धजत नाही. सगळे वाकून माथा टेकतात आणि बाजूने आत जातात. म्हणजे पायधुळीचा बेत फसलाच म्हणायचा. आणि जिन्याचं म्हणाल तर आपल्याकडे एका बाईला थेट विमान आलं होतं, फुकट. तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांनी जिजाईला बोलावणं धाडलं, अशी कथा आहे. ती पोटुशी होती, घरात पोरंबाळं होती. ती म्हणाली, तुम्ही व्हा पुढे. प्लँटच्या गाण्याचा अर्थ लावायला ज्यांनी हयात घालवली त्यांनी जिजाईच्या या एका उत्तराचा अर्थ लावून बघावा.

मग क्वीनचं ते सहा मिनिटांचं गाणं लागलं आणि मी कणीस खाली ठेवलं, कारण याच्याशी आपलं थोडं नातं आहे. ते लिहिणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारूख बलसारा, पारशी. आमच्या पलीकडच्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो वाढला, आणि त्याचा पहिला बँडही तिथलाच, 'द हेक्टिक्स', शाळकरी पोरांचा. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा अर्थ लावताना जगातले भलेभले दमले. त्यात एक मुलगा आईला सांगतो की माझ्या हातून एक माणूस मारला गेला, माझं आयुष्य आता संपलं, मी परत आलो नाही तर तू तुझं चालू ठेव. मग मध्येच इटालियन ऑपेरातली पात्रं येतात, गॅलिलिओ येतो, बिस्मिल्ला येतं, सैतान येतो, त्या पोराच्या जिवाची ओढाताण होते, आणि शेवटी कशाचंच काही वाटेनासं होतं. फ्रेडीला विचारलं तर तो म्हणायचा, ऐका, विचार करा आणि ज्याचं त्यानं ठरवा. १९९१ च्या नोव्हेंबरात तो गेला. लंडनला त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंच्या प्रार्थनांनी झाले, आणि गाण्याचा अर्थ त्याने बरोबर नेला.

पण मला या गाण्याची सगळ्यात आवडती भाकणूक इराणातली. तिथे २००४ मध्ये क्वीनच्या गाण्यांची कॅसेट परवानगीने निघाली. पाश्चात्त्य रॉक तिथं असं सरकारी मान्यतेनं निघणं नवलच. तर तिच्यासोबत फारसीत एक पत्रक दिलेलं होतं, गाण्यांचा अर्थ समजावून सांगणारं. त्यात या गाण्याची कथा अशी: एका तरुणाच्या हातून नकळत खून होतो, त्याने आपला आत्मा सैतानाला विकलेला असतो, आणि फाशीच्या आदल्या रात्री तो बिस्मिल्ला म्हणून देवाला हाक मारतो, तेव्हा फरिश्त्यांच्या मदतीने त्याचा आत्मा सैतानाच्या तावडीतून सुटतो. औषधाच्या बाटलीबरोबर येते तशी गाण्याच्या कॅसेटबरोबर सूचनापत्रिका. हसू येतं खरं, पण पत्रक लिहिणाऱ्याने एक गोष्ट अचूक पकडली आहे. हे गाणं फाशीच्या आदल्या रात्रीचं आहे. पोरगा आईशी बोलतोय.

पुतण्याने हे सगळं आत्याला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं, एक कणीस निखाऱ्यातून ओढलं आणि म्हणाली, "असलं गाणं आपल्या गावात आहे की."

आणि तिथंच, हुरडा चोळता चोळता, तिने कवी कुंजविहारींचं 'भेटेन नऊ महिन्यांनी' म्हणायला सुरुवात केली.

कुंजविहारी म्हणजे हरिहर गुरुनाथ सलगरकर-कुलकर्णी, सोलापूरचे. त्यांचं हे गाणं स्वातंत्र्यलढ्याच्या काळातलं. फाशीवर जाणारा देशभक्त आईचा निरोप घेतोय आणि तिला धीर देतोय की रडू नकोस, पुन्हा तुझ्याच पोटी जन्म घेऊन नऊ महिन्यांनी भेटतो. आत्याला हे तिच्या आईकडून आलेलं, चालीसकट. आवाज आता फाटलाय, वरचा सूर लागत नाही, पण शब्द एकही अडला नाही. बाभळीवरचा स्पीकर कोणीतरी बंद केला. दोन पोरांनी मोबाइल काढले. गिटारवाल्याने सूर शोधायचा प्रयत्न केला, मग आत्या वेगळ्याच पट्टीत असल्याचं बघून गिटार बाजूला ठेवली.

फाशीचं गाणं सोलापुरात कसं ऐकलं जात असेल, हे बाहेरच्याला चटकन कळायचं नाही. १९३० च्या मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिली. चार हुतात्म्यांचे पुतळे गावात आहेत, आणि शाळेतल्या पोराला चारही नावं एका दमात म्हणता येतात. तारीख बघा. १२ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन होतं आणि त्याला लागूनच संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. सिद्धरामेश्वरांनी लग्नाला नकार दिला म्हणून कुंभारकन्येने त्यांच्या योगदंडाशी लग्न लावलं, अशी कथा. आज तो योगदंड म्हणजे नंदीध्वज, आमच्या काठ्या. दुसऱ्या दिवशी होमात तीच कुंभारकन्या अग्नीत जाते, मग वासरू, मग शोभेचं दारूकाम. एका आठवड्यात फाशी, लग्न, चिता आणि भविष्य. अशा गावाला कुठलाही रॉक बँड नवं काय सांगणार, असं मला कधी कधी वाटतं.

फ्रेडीचा पोरगा आणि कुंजविहारींचा पोरगा शेजारी शेजारी उभे करून बघावेत. दोघंही आईशी बोलतात, दोघांच्याही मानेवर मरण. फ्रेडीचा पोरगा म्हणतो, आपला जन्मच झाला नसता तर बरं, असं कधी कधी वाटतं. कुंजविहारींचा पोरगा पुढचा जन्म नक्की करून बसलाय, पत्त्यासकट आणि मुदतीसकट. एकाच्या हातून पाप झालंय, दुसऱ्याच्या मते आपल्या हातून पुण्य होतंय, त्यामुळे हा फरक. पण एवढंच नाही. फ्रेडीच्या पोरापुढे सैतान, देव, बिस्मिल्ला, ऑपेरा असा सगळा बाजार आहे आणि त्यातलं काय खरं ते त्याला ठाऊक नाही. म्हणून त्याच्या गाण्याला पत्रक लागतं. कुंजविहारींच्या पोराला पुढचा रस्ता पाठ आहे, त्यामुळे त्याच्या गाण्याचा अर्थ आजवर कोणी विचारला नाही.

ते तसंच राहिलं असतं. पण गाणं संपवून आत्या पाणी प्यायली, आणि म्हणाली, "मला एक कळत नाही. मुलगी झाली असती तर?"

कोणी बोलेना.

"न्हाई, नऊ महिन्यांनी येतो म्हणतोय. आला पोरीच्या जन्माला, तर आई वळखणार कसं?"

या प्रश्नावर हसून चालत नाही, कारण तो फार लोकांना पडलेला आहे. बंगालात खुदिराम बोसवरचं गाणं आहे. पीतांबर दास या लोककवीचं म्हणून ते ओळखलं जातं, आणि लताबाईंनी ते १९६६ च्या 'सुभाषचंद्र' या बंगाली चित्रपटात गायलंय. त्यातला खुदिरामही फाशीला जाताना आईला परत यायचं वचन देतो. पण तो येणार दहा महिने दहा दिवसांनी, आणि मावशीच्या घरी. आपल्याकडे नऊ महिने, तिकडे दहा महिने दहा दिवस. गर्भारपणाचा हिशोब प्रांताप्रांतात निराळा. मात्र ओळखीची व्यवस्था खुदिरामने करून ठेवली आहे. ओळखता आलं नाही तर माझा गळा बघ, फासाची खूण दिसेल. ११ ऑगस्ट १९०८ ला मुझफ्फरपुरात त्याला फाशी दिलं तेव्हा त्याची खरी आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, थोरल्या बहिणीने त्याला वाढवलं होतं. गाण्यातली आई म्हणजे देश म्हणायचा की ती गेलेली आई, हे ज्याचं त्याने ठरवावं. फासाची खूण घेऊन जन्मलेलं पोर मात्र मला कुठल्याही सैतानापेक्षा जास्त हलवून जातं.

एरिक क्लॅप्टनचं गाणं याच प्रश्नाचं आहे. त्याचा चार वर्षांचा मुलगा १९९१ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कमधल्या त्रेपन्नाव्या मजल्यावरून पडून गेला. पुढच्या वर्षी आलेल्या गाण्यात बाप स्वर्गातल्या पोराला एवढंच विचारतो की भेटलो तर मला ओळखशील का. पुढे काही वर्षांनी, २००४ मध्ये, क्लॅप्टनने हे गाणं म्हणायचं थांबवलं, कारण ते दुःख आता तसं जाणवत नाही आणि जाणवत नसताना म्हणायचं नाही, असं त्याने सांगितलं. या गाण्याच्या अर्थाबद्दल वाद घालणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि ओळख पटवण्याचं सगळ्यात जुनं प्रकरण तर पुन्हा आमच्याच जिल्ह्यातलं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा मजुरांबरोबर गाडले गेले, १३३८ मध्ये. ढिगाऱ्यातल्या हाडांत चोखोबांची कोणती हे कसं कळणार? कथा अशी की नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं, ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती उचलली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. पोरांना मी हे सांगितलं तेव्हा ढोल वाजवणारा पोरगा, बँडच्या भाषेत ड्रमर, पहिल्यांदाच काहीतरी बोलला. म्हणाला, "काका, हे तर जबरी आहे बे." मग 'बे' काकांना म्हटल्याचं लक्षात येऊन जीभ चावली.

एवढी सगळी गाणी, आणि त्यातलं एकही पुढच्या गावाची फारशी माहिती देत नाही. तिथं काय आहे, जेवण कसं, हवा कशी, याबद्दल अवाक्षर नाही. सगळ्यांना काळजी एकच, की मागे राहिलेलं माणूस आपल्याला ओळखेल ना. अर्थ लावणारे मात्र नकाशा शोधत बसतात. स्वर्ग कुठे, नरक कुठे, हॉटेल कुठल्या रस्त्यावर.

आत्याला हे मी सांगून पाहिलं. तिला ते पटलं की नाही कळायला मार्ग नाही, कारण तिच्या डोक्यात अजून ती आईच घोळत होती.

"परत कळा तिनंच सोसायच्या ना?" ती म्हणाली. "वय काय असंल तिचं? पोरगा फाशी जायाइतका मोठा. नवरा आहे का गेला, ते पण सांगितलेलं न्हाई. नऊ महिन्यांनी येतो म्हणाला आणि गेला. तिला विचारलं कुणी?"

मला वाटतं, आजवर झालेल्या सगळ्या भाकणुकींत ही वरचढ आहे. फ्रेडीच्या गाण्यातली आई एक शब्द बोलत नाही. खुदिरामच्या गाण्यातली आई बोलत नाही. बॉब डिलनने १९७३ मध्ये एका चित्रपटासाठी स्वर्गाच्या दारावर थाप मारणारं गाणं लिहिलं, त्यातला मरणारा शेरीफही आईच म्हणून हाक मारतो, आणि समोर त्याची बायको मुकाट बघत असते. कुंजविहारींच्या गाण्यातल्या आईने तर डोळे पुसून पुन्हा गरोदर राहायचं आहे. मुलं मरणाच्या दारातून भरभरून बोलतात, देवाशी, सैतानाशी, देशाशी. ऐकणारीच्या वाट्याला एक ओळ नाही. अख्ख्या जगातल्या टीकाकारांनी सैतान शोधण्यात पन्नास वर्षं घालवली आणि ही समोर उभी असलेली बाई कोणाला दिसली नाही. दिसली ती हुरडा चोळणाऱ्या एका बाईला, जिने स्वतः पाच बाळंतपणं काढली आहेत.

तर पुतण्याच्या बँडला आणि अशा इतर पोरापोरींना एक विनंती आहे. दुसऱ्यांच्या गाण्यांचा अर्थ पुष्कळ लावून झाला, आता त्या आईचं उत्तर लिहा. ती हो म्हणेल, नाही म्हणेल, पोरगी होऊन ये म्हणेल, किंवा जिजाईसारखी तुम्ही व्हा पुढे म्हणेल, ते तुमचं तुम्ही ठरवा. मराठीत लिहा, कानडीत लिहा, तेलुगूत लिहा, सोलापुरात तिन्ही चालतात. आठ मिनिटांचं झालं तरी हरकत नाही. फक्त पहिला प्रयोग येत्या जानेवारीत, बारा तारखेच्या आसपास करा, आणि आत्याला पुढच्या रांगेत जागा ठेवा. तिला ऐकायला जरा कमी येतं.